पॅकिंग उत्तम

नियम चौथा : टपाल हाती पडलं, की त्याच दिवशी पावती.

*

हिरव्या पॉपलिनचं एक कापड. चार फूट बाय अडीच फूट. कडेनं पांढरी पायपिंग. वर पारदर्शक प्लास्टिकचे लहान लहान खिसे शिवलेले. मधला खिसा इतरांपेक्षा बोटभर मोठा.

*

दोन तितर, समोरासमोर. मध्ये जळता दिवा. ज्योतीचा लाल रंग केसभर उजवीकडे सरकलेला.

*

"बाई, तुमच्या पोरींची इलिमेंटरी झाली का? न्हाई, गडबडीत असशिला तर ऱ्हाऊ द्या. पर यादी आज सातला बंद होतीया."

*

"पॅकिंग उत्तम. इतकं सुंदर पॅकिंग मी आजवर पाहिलेलं नाही. निळा दोरा, हाताची शिवण. मनापासून धन्यवाद." – मृणाल हसबनीस, सांगली.

*

नियम अकरावा : दुसऱ्याच्या पावतीत आपण बोलू नये.

*

"तुमचं नाव यादीत नाहीये, खटावकर."

"नसू दे साहेब. पर मी लिवून कळवलं हुतं की. सगळ्यांचं निस्तरलंय म्हणून."

"निस्तरलं असं तुम्ही म्हणताय. पावती काय म्हणते ते बघा."

हे मी ऐकलं ते पुण्यातल्या एका मंगल कार्यालयाच्या दारात, नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी साडेनऊला. याला आता बारा वर्षं होतील. आदल्या दिवशी तिथं लग्न झालं होतं. स्टेजवर थर्माकोलची अक्षरं अजून होती, 'शुभविवा' इतकी शाबूत, ह खाली पडलेला. हॉलमध्ये वीस टेबलं मांडली होती आणि दारात खुर्ची टाकून, हातात यादी घेऊन नाना नाईकनवरे बसले होते.

त्यांच्यासमोर सत्तरीच्या आसपासचा एक माणूस उभा होता. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, डोक्याला काळी टोपी. छातीशी त्यानं खाकी पिशवी धरली होती, तिच्यातून हिरवं कापड डोकावत होतं. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. फक्त आवाज ओळखीचा होता.

"खटावकर?" मी पुढे झाले. "गडहिंग्लजचे दत्तोबा खटावकर ना? अहो, मी हसबनीस. सांगलीची."

ते मला बघून हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग जमिनीकडे.

"नमस्कार बाई," म्हणाले, आणि मला आत जायला वाट करून देत भिंतीला टेकले.

"मॅडम, तुम्ही चला आत," नाना म्हणाले. "सात नंबरचं टेबल तुमचं."

"आणि यांचं कुठलं?"

"यांचं नाही."

"का नाही? दहा पावत्या झाल्यात त्यांच्या. दहावी तर मी स्वतः टाकलीय."

नानांनी चष्मा नाकावर खाली घेतला. "हे तुम्ही विचारताय?"

"मी नाही तर कोण विचारणार?"

"कमाल आहे," नाना म्हणाले, आणि त्यांच्या मागं उभे असलेले दोघं हसले.

*

आम्ही काय करत होतो ते सांगायला हवं, नाहीतर ही भांडणं पोरखेळ वाटतील. पोरखेळच होता, पण आम्ही सगळे चाळीस ते ऐंशी वर्षांचे होतो.

काडेपेटीवर चिकटवलेलं रंगीत चित्र असतं ना, त्याला छाप म्हणतात. वाघ छाप, जहाज छाप, घोडा छाप. लहानपणी रस्त्यावरून गोळा करतात ते. काहींचं मोठेपणीही सुटत नाही. अशा तीनशे जणांची 'छापकट्टा' नावाची वेबसाइट नाना नाईकनवरे चालवत. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, शिस्तीचे. कट्ट्यावर विकणं-विकत घेणं नव्हतं. छापाला छाप, एवढंच. मी माझ्याकडचा जास्तीचा वाघ पाठवायचा, तुम्ही तुमच्याकडचं जहाज. माणसानं माणसाचं तोंड पाहिलेलं नसायचं. सगळा भरवसा पावतीवर.

पावती म्हणजे माल मिळाल्यावर समोरच्याच्या नावाखाली लिहायच्या दोन ओळी. ज्याच्या पावत्या कमी त्यानं आधी पाठवायचं. वाईट कधी लिहायचं नाही, तक्रार असेल तर फोन करायचा. एकदा लिहिलेली पावती खोडता येत नाही. आणि दहा स्वच्छ पावत्या झाल्या, की माणूस पक्का: वर्षातून एकदा पुण्याला होणाऱ्या मेळाव्यात त्याला स्वतःचं टेबल.

खटावकर जन्मभर शिंपी होते. दुकान मुलाकडे दिल्यावर नातीनं त्यांचं नाव कट्ट्यावर नोंदवून दिलं. त्यांचा मामा काडेपेटीच्या एका कारखान्यात कामाला होता. कारखाना बंद पडला तेव्हा तो न वापरलेल्या छापांचा एक गठ्ठा घरी घेऊन आला. दोन तितर छाप. त्यातले दहा शिल्लक होते आणि तेवढ्यावर खटावकरांनी दहा अदलाबदली ठरवल्या. एकेका माणसाला एकेक तितर.

"टेबल मांडायचंय एकदा," ते मला फोनवर म्हणाले होते. "पन्नास वर्सं दुसऱ्यांची मापं घेतली बाई. आता आपल्या मापाचं एक टेबल. कापड शिवून तयार हाय. मधल्या खिशात मामाच्या कारखान्याचा तितर, वहीतला."

नऊ पावत्या झाल्या होत्या. दहावी माझी. सप्टेंबरच्या अखेरीस, ज्या दिवशी यादी बंद होणार त्याच दुपारी त्यांचं पाकीट शाळेत पोचलं. मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. त्या दिवशी एलिमेंटरीची परीक्षा होती, सहा शाळांच्या मुली, सगळीकडे रंगाचं पाणी सांडलेलं. साडेसहाला खटावकरांचा फोन आला. सात वाजायला दहा मिनिटं असताना मी पावती टाकली. वर दिलीय तीच.

आणि तीन आठवड्यांनी त्यांचं आणखी एक पाकीट आलं. पुन्हा निळ्या दोऱ्यानं शिवलेलं. आत पुन्हा दोन तितर, पण हा छाप जुना, पेटीवरून सोडवलेला, मागे खळीचा पिवळा डाग. सोबत चिठ्ठी: 'ह्योबी ठेवा. चूकभूल द्यावी घ्यावी.'

माणूस किती दिलदार असावा, असं मला वाटलं. मी लगेच कट्ट्यावर गेले आणि माझ्याच पावतीखाली पुरवणी जोडली: "खटावकरांनी आपणहून दुसरा छापही पाठवला! आणि पॅकिंग पुन्हा तितकंच उत्तम!!"

दोन उद्गारचिन्हं. मला ती अजून दिसतात.

*

"ताई, चहा घ्या," फिरोज मुलाणी म्हणाला, आणि मला दंडाला धरून चहाच्या टेबलाकडे घेऊन गेला. फिरोज साताऱ्याचा, फोटोफ्रेमचं दुकान असलेला, कट्ट्यावरचा माझा पहिला मित्र. त्यालाही मी त्याच दिवशी प्रत्यक्ष पाहत होते.

"चहा नको. मला आधी सांग, त्या माणसाला दारात का उभं केलंय?"

"तुम्ही खरंच विचारताय?"

"अरे, सगळे हेच काय विचारताय मला!"

त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि तरीही एक कप माझ्या हातात दिला. "ताई, तुम्ही यापूर्वी मेळाव्याला आलाच नाहीत, नाही का?"

"नाही. शाळा असते."

"म्हणून. हे लिहून ठेवत नाहीत कुठं, इथं चहा पिताना सांगतात. बघा, वाईट लिहायचं नाही हा नियम. मग कुणी बोगस माल पाठवला, तर बाकीच्यांना कळायचं कसं?"

"कसं?"

"छापाबद्दल एक शब्द लिहायचा नाही. नुसतं लिहायचं, पॅकिंग उत्तम."

मी कप खाली ठेवला.

"म्हणजे?"

"म्हणजे आत जे होतं ते कौतुक करण्यासारखं नव्हतं. समझनेवाले समजतात. वाचणाऱ्याला वाटतं स्तुती केलीय. माणसाचा अपमान नाही, आणि पुन्हा त्याच्याशी व्यवहारही नाही. नानांचीच आयडिया. फार सभ्य पद्धत आहे म्हणतात."

"फिरोज, मी त्या शिवणीचं कौतुक केलं रे! खरंच सुंदर होती ती!"

"मला आता कळतंय. तेव्हा मी आमच्या बायकोला वाचून दाखवलं, म्हटलं आमच्या ताईंनी काय सोललाय बघ म्हाताऱ्याला. 'मनापासून धन्यवाद'! आणि वर पुरवणी, 'पुन्हा तितकंच उत्तम'! कट्ट्यावर इतकं जहरी कुणी लिहिलं नव्हतं ताई. लोक तुम्हाला वचकून होते महिनाभर."

"आणि तू मला फोन केला नाहीस?"

"मला काय माहीत तुम्हाला माहीत नाही ते?"

मला आयुष्यात राग आला नव्हता असं नाही. पण तो नेहमी कुणावर तरी असायचा. हा त्या वीस टेबलांवर, थर्माकोलच्या अक्षरांवर, चहावर, सगळ्यावर होता. तीनशे शिकलेली माणसं. एखाद्याला खोटा म्हणायचं असेल तर तोंडावर म्हणा. हिंमत नसेल तर गप्प बसा. हे काय? गोड बोलून गळा कापायचा आणि वर त्याला सभ्यता म्हणायचं?

"थांब," मी म्हणाले. "तो दुसरा छाप. तो त्यांनी मला का पाठवला?"

फिरोज बशीत सांडलेला चहा कपात ओतायला लागला.

"फिरोज."

"नानांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना फोन करून समजावून सांगितलं, तुमच्या पावतीचा अर्थ काय तो. मग म्हाताऱ्यानं त्याच्या वहीतले जुने काढले. पेटीवरनं स्वतः सोडवलेले, म्हणजे त्यात शंका घ्यायला जागा नाही असे. आणि पाठवले." त्यानं खिशातलं पाकीट काढलं, त्यातून घडी केलेलं पोस्टकार्ड. "सगळ्यांना पाठवले ताई. दहाच्या दहा जणांना. हे माझं."

पोस्टकार्डावर बारीक, उभं अक्षर होतं. 'पहिला छाप खोटा निघाल्याचे समजले. मला त्यातले कळत नाही. सोबतचा माझ्या हाताने सोडवलेला आहे. बदल्यात काही पाठवू नये. दत्तोबा खटावकर.'

"आणि तू काय केलंस?"

"ठेवला," फिरोज म्हणाला. त्याचे कान लाल झाले. "सगळ्यांनीच ठेवला."

*

नाना आता हॉलमध्ये आले होते आणि एक नंबरच्या, म्हणजे स्वतःच्या टेबलावर अल्बम लावत होते. खटावकर दाराबाहेरच्या पायरीवर बसलेले मला दिसत होते. पिशवी मांडीवर.

"नाना, माझी पावती खोडा."

"पावती खोडता येत नाही, मॅडम. नियम सहावा."

"मग मी दुसरी लिहिते."

"एका व्यवहाराला एकच पावती, फार तर एक पुरवणी. तीही तुम्ही जोडलीय."

"अहो, मला तुमची ती भानामतीची भाषा माहीत नव्हती! मी पॅकिंग उत्तम लिहिलं कारण पॅकिंग उत्तम होतं!"

"ते आता तुम्ही म्हणताय," नाना शांतपणे म्हणाले. त्यांचं ते शांत असणं मला सगळ्यात जास्त झोंबलं. "पण मॅडम, मला एक सांगा. तुम्ही कलाशिक्षिका. रंग तुम्हाला कळतो, छपाई कळते. तुम्हाला दोन तितरसारखा छाप मिळतो, न वापरलेला, कोरा. आणि तुम्ही चार वाक्यांत छापाबद्दल एक शब्द लिहीत नाही. दोऱ्याबद्दल लिहिता. मग आम्ही काय समजायचं?"

त्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. त्याऐवजी मी प्रश्न विचारला, आणि विचारल्याचा मला अजून आनंद आहे.

"तुम्हालाही खटावकरांनी तितर पाठवला होता ना? दाखवा."

"आहे अल्बममध्ये."

"दाखवा ना."

त्यांनी पान उघडलं. एकाच पानावर दोन्ही होते, शेजारी शेजारी. कोरा आणि पेटीवरून सोडवलेला. खाली नानांच्या सुबक अक्षरात लिहिलेलं: 'दोन तितर, मूळ छपाई. (२ प्रती.)'

"मूळ छपाई," मी मोठ्यानं वाचलं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"अर्थात. तो लाल बघा, केसभर सरकलाय. नंतर कुणी नक्कल केली असती तर इतका सरकू दिला नसता. मी पाकीट उघडताच ओळखलं. माझी पावतीही तशीच आहे, छाप अस्सल म्हणून. वाचा हवं तर."

"तुम्हाला माहीत होतं छाप खरा आहे. तुम्ही त्या माणसाला फोन करून सांगितलंत, की तुमचा छाप खोटा आहे असं हसबनीस मॅडम म्हणतात. त्यानं घाबरून वहीतला दुसरा पाठवला. तो तुम्ही चिकटवलात. आणि तेव्हा फोनवर त्याला एवढंही सांगितलं नाहीत, की बाबा, माझ्याकडचा तरी खरा आहे?"

"दुसऱ्याच्या पावतीत आपण बोलू नये," नाना म्हणाले. "नियम अकरावा. तुमचं मत तुमचं, माझं माझं. उद्या मी तुमच्या पावतीत तोंड घातलं तर परवा कुणी माझ्या घालेल. शिष्टाचार म्हणून काही आहे की नाही?"

"आणि दुसरा छाप ठेवून घेणं? ते कुठल्या नियमात बसतं?"

"त्यांनी लिहिलं होतं, बदल्यात काही पाठवू नये. भेट आली. भेट परत करणं बरं दिसत नाही."

"भेट! माफी मागितली होती त्यानं, नाना! जे केलंच नाही त्याची!"

एव्हाना टेबलं सोडून माणसं जवळ आली होती. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, सकाळी सकाळी कशाला." दुसरं कुणीतरी म्हणालं, "चहा द्या हो त्यांना कुणी." मी स्टेजवर चढले. लग्नाचा माईक तिथंच होता, चालूही होता. मी फुंकर मारली तेव्हा सगळ्या हॉलमध्ये वारं सुटल्यासारखा आवाज झाला.

"मी मृणाल हसबनीस, सांगली," मी म्हणाले. "ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्या कट्ट्यावर पॅकिंग उत्तम याचा अर्थ माल बोगस असा होतो. ज्यांच्याकडे फोन आहेत त्यांनी आपापल्या नावाखाली वाचून बघा, कुणी कुणी तुमच्या पॅकिंगचं कौतुक केलंय ते."

मग एकेक फोन बाहेर निघाला. 

पहिला हसला तो कोपऱ्यातला एक निवृत्त डॉक्टर. मग त्याचं हसू थांबलं. "ए वर्तक," तो म्हणाला, "मला तू असं लिहिलंयस? दोन वर्षं मी तुझ्याकडे जेवायला येतोय!" वर्तक म्हणाला, "अरे, मी खरंच पॅकिंगबद्दलच..." आणि त्यानं आपला फोन टेबलावर पालथा ठेवला. चार नंबरच्या टेबलावर दोघं भाऊ होते, त्यांनी एकमेकांना लिहिलेलं निघालं. कुणीतरी ओरडलं, "नानांच्या नावाखाली तीन आहेत! तीन!" नाना आपला फोन शोधत खिसे चाचपू लागले. मघाची सगळी शांतता गेली होती त्यांच्या चेहऱ्यावरची. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं.

"आता वाईट लिहायला जागाच ठेवली नाहीत तुम्ही," नाना माझ्याकडे बघून म्हणाले.

"सरळ लिहा," मी म्हणाले. "बाराखडी येते ना सगळ्यांना?"

*

खटावकर पायरीवरून उठले नव्हते. आतला गोंधळ त्यांनी ऐकला होता, पण त्यातलं त्यांना किती कळलं कुणास ठाऊक. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"काका, मला माफ करा. मला त्या शब्दांचा तो अर्थ माहीतच नव्हता. मी खरंच तुमच्या शिवणीचं कौतुक केलं होतं."

त्यांनी मान हलवली. मग हळू आवाजात विचारलं, "म्हंजे छाप खरा हुता न्हवं?"

"खरा होता. शंभर टक्के."

"मामाचा?"

"मामांचाच. या आत, दाखवते."

सात नंबरचं टेबल माझं होतं. मी माझे अल्बम उचलून खाली ठेवले आणि म्हटलं, काका, कापड काढा. ते नको नको म्हणत होते. फिरोजनंच पिशवीतून कापड काढून टेबलावर पसरलं. चार बाय अडीच. कडेला कडा अशी बसली की जणू टेबल त्या कापडाच्या मापानं केलं होतं. खिशांत वाघ होते, जहाजं होती, आम्ही दहा जणांनी बदल्यात पाठवलेले छाप होते. मधला खिसा रिकामा होता.

"यात ठेवा ना तितर," फिरोज म्हणाला.

"कुठला? दहा कोरे दिले. दहा सोडवलेले दिले," खटावकर म्हणाले. "आता एकबी न्हाई."

फिरोज उठून गेला. मी माझ्या अल्बममधून कोरा तितर काढला आणि भिंग त्यांच्या हातात दिलं.

"ज्योत बघा. लाल सरकलाय ना?"

त्यांनी बराच वेळ पाहिलं. शिंप्याची नजर, दोरा ओवताना बघतात तसं, एक डोळा मिटून.

"व्हय. सरकलाय."

"म्हणून खरा. नक्कल करणारा हे करणार नाही."

"आवो, मामाचा हात थरथरायचा," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. "मशिनीत कागद त्योच सारायचा. मुकादम शिव्या द्यायचा त्येला. त्येची ही चूक, आन् तेवढ्यावरनं तुमी वळकता?"

"तेवढ्यावरनंच ओळखतात."

मी छाप मधल्या खिशात सरकवला. त्यांनी तो काढून परत माझ्या हातात दिला.

"त्यो तुमचा. दिलेला मी मागं घेत न्हाई बाई."

"मग निदान आजच्या दिवसापुरता."

"आजच्या दिसापुरता ठेवा," ते म्हणाले. मग भिंग पुसून माझ्यासमोर ठेवत त्यांनी विचारलं, "येक इचारू? राग मानू नका."

"विचारा ना."

"तुमास्नी एवढं कळतंया. लाल सरकलेला दिसतोया. मग तवा तसं का लिवलं न्हाई? छाप खरा हाय, येवढे तीनच शब्द."

"मला खरंच माहीत नव्हतं काका, पॅकिंग उत्तम म्हणजे..."

"त्ये कळलं. त्ये न्हाई इचारत मी. छापाबद्दल का लिवलं न्हाई?"

फिरोज परत आला होता. त्याच्या हातात त्याचा सोडवलेला तितर होता, पोस्टकार्डासकट. नाना त्याच्या मागं उभे होते, हातात काही नव्हतं.

"राहून गेलं," मी म्हणाले.

खटावकरांनी मान हलवली. "व्हतं आसं. परीक्षा हुती तुमची," म्हणाले.

दुपारी साडेतीनला त्यांची गाडी होती. मी पोचवायला निघाले तर त्यांनी येऊ दिलं नाही. कापड मात्र त्यांनी माझ्या टेबलावरच सोडलं. "घरी त्या मापाचं टेबल न्हाई," एवढंच म्हणाले. छापकट्टा पुढे दीड वर्ष चालला. दुसऱ्याच आठवड्यापासून लोक 'टपाल तिकिटं छान लावली होती' असं लिहायला लागले, फिरोजनं मला त्याचा अर्थ सांगायची गरज पडली नाही. खटावकरांनी पुन्हा कुणाशी अदलाबदल केली नाही. नानांशी मी अजून बोलत नाही, आणि बोलणारही नाही.

दहावी पावती लिहिली तेव्हा मी त्या पाकिटाची शिवण उसवलेली नव्हती.